तीन दिवे, एकच मिनिट

नांदेड, ८ जुलै २०१३

सिंधु,

फोनवर तू तीन वेळा "बरं आपा" म्हणालीस आणि तिन्ही वेळा विषय बदललास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. कागदावरच्या प्रश्नाला कागदावरच उत्तर द्यावं लागतं. पत्र उत्तरपत्रिकांच्या थैलीत घालून संध्याकाळच्या लातूर गाडीने पाठवते. उत्तरही त्याच थैलीतून यावं.

शनिवारी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. इथे हॉलमध्ये दोनशे चाळीस मुलं पडद्यासमोर बसली होती. तू तिकडे लातूरला फळ्यावर घर्षणाचं उदाहरण सोडवत होतीस. तासाभरात चित्र चार वेळा थांबलं. चौथ्यांदा सहा मिनिटं. तुझा हात वर, बोटांत खडू, तोंड अर्धं उघडं. मागून आवाज आला, "म्याडमचा पुतळा झाला रे, हार आना." सगळा हॉल हसला. मी त्या पोराला उभं केलं, पण आपल्या क्लासचे मालक अण्णाराव सर तोवर दारात येऊन उभे होते. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "वहिदाबाई, गणपतीपर्यंत बघतो. मग ही बॅच कोट्याहून आलेल्या मास्तरला देऊन टाकतो. पोरांचं वर्ष हाय, माझा नाइलाज हाय." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

अकरा वर्षं तू कृत्रिम पाय लावून आठवड्यातून चार दिवस पहाटेच्या एसटीने नांदेडला आलीस. आता गुडघ्याखालची जखम चिघळली आहे आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. लातुरात तुला सकाळी नववीची एक तुकडी आहे, तेवढीच. नांदेडची बॅच गेली तर तुझ्यातल्या मास्तरणीचं जवळजवळ सगळंच गेलं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तू विषय बदलतेस.

आता उपाय. माझी भाची मनतशा हैदराबादला नेटवर्कचं काम करते. ती म्हणते, एकच महागडी लाइन घेऊ नका. मोठ्या कंपन्या घेतात तशा लाइनीचं महिन्याचं भाडं आपल्या दोन शिक्षकांच्या पगाराइतकं आहे, आणि इतकं देऊनही लाइन एकच. रस्ता खोदणाऱ्या मशीनला भाडं कळत नाही. त्यापेक्षा घरोघरी असतात तशी स्वस्तातली तीन कनेक्शनं घ्यावीत. प्रत्येक कधी ना कधी बंद पडेल, पण तिन्ही एकदम पडणार नाहीत. दोन्ही टोकांना एकेक पेटी बसते, ती तिन्हींकडून मिळून एका भक्कम लाइनीचं काम करून घेते. हे जमलं तर मुदखेड आणि धर्माबादच्या शाखाही याच पद्धतीने जोडायला सर तयार आहेत.

तुझं काम एवढंच. लातुरात तीन वेगवेगळ्या लोकांकडून तीन कनेक्शनं घे आणि कुणाकडून घेतलीस ते नावानिशी कळव. जखमेला रोज ड्रेसिंग होतं का, तेही लिही.

वहिदा आपा

•

लातूर, १६ जुलै २०१३

आपा,

ड्रेसिंग रोज होतं. शपथ.

तुमच्या पत्राने दोन दिवस झोप नव्हती. पुतळ्याचं हसू आलं आणि मग आलं नाही. पण रविवारी मनतशा आली आणि दुपारपर्यंत पेटी बसवूनही गेली. तीन वायरी आत, एक बाहेर. बुटाच्या खोक्याएवढी वस्तू. मी तिला विचारलं, "माझा आवाज कुठल्या वायरीतून जाणार?" ती म्हणाली, "तुमचा एक शब्दसुद्धा अख्खा एका वायरीतून जाणार नाही, मॅडम." माझ्या आवाजाचे आणि चित्राचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर नंबर पडतो. जी वायर त्या क्षणी मोकळी असेल तिच्यावर तो चढतो. वाट खराब दिसली तर पेटी तोच तुकडा दोन वाटांनी पाठवते. नांदेडची पेटी नंबर बघून ते पुन्हा ओळीने लावते, आणि ज्याची दुसरी प्रत उशिरा आली ती टाकून देते. हे सगळं मी "घर्षण" म्हणेपर्यंत.

आपा, मी अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशाचा वेग मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! पण त्या तीन हिरव्या दिव्यांसमोर मी पहिल्यांदा विद्यार्थिनीसारखी बसले. मनतशा जाताना म्हणाली, "ही युक्ती आमच्या खालाला नवी नाही. विचारा त्यांना." म्हणून विचारते.

कनेक्शनं ओळखीतूनच घेतली. इथल्या केबलवाल्या महादेवप्पाने स्वतः उभं राहून वायरी ओढल्या. "तुमी फकस्त शिकवा म्याडम, बाकीचं माज्यावर सोडा," म्हणाला.

तुमची,
सिंधु

•

नांदेड, २४ जुलै २०१३

सिंधु,

मनतशाने सांगायला नको होतं. आता विचारलंस तर लिहिते.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे मी परगावचे फोन जोडणाऱ्या नांदेडच्या ट्रंक एक्स्चेंजवर रात्रपाळीची सुपरवायझर होते. लोकांना वाटतं की त्या दिवशी तारा तुटल्या. लातूरच्या तारा शाबूत होत्या, सिंधु. त्या भरल्या होत्या. अख्खा मुलूख एकदम फोन लावत होता. लागला तर दोन मिनिटांत कटायचा. दुसऱ्या दिवशी लातूरच्या दवाखान्यातून जखमींची यादी यायची होती. आमच्या पायऱ्यांवर दीडशे माणसं त्या यादीसाठी बसून होती, त्यांत धर्माबादच्या अडतीवरून आलेला तुझा भाऊ आप्पासाहेबही होता. अख्खी यादी एका फोनवर सांगून होणं शक्य नव्हतं.

लातूरच्या ऑपरेटरला मी ओरडून सांगितलं, "बाई, आधी नावांना नंबर घाला. मग यादी फाडा. एक तुकडा तुम्ही ट्रंकवर सांगा, एक पोलिसांच्या बिनतारीवर द्या, एक रेल्वेच्या कंट्रोल फोनवर. जिथे जेवढं जाईल तेवढं. शंका आली तर तेच नाव दोन्हीकडून पाठवा." रेल्वेचा तुकडा स्टेशनास्टेशनातून पुढे सरकत आमच्याकडे सगळ्यांच्या आधी पोचला. मी पत्रकावर एक ते साठ रेघा आखून बसले होते आणि पहिली चाळीस घरं रिकामी होती. सत्तेचाळीस नंबरच्या घरात मी लिहिलं : सिंधु बिराजदार, वय एकोणीस, उजवा पाय, जिवंत. तुझं नाव आलं तेव्हा पहिलं नाव अजून वाटेतच होतं.

त्या तुकड्यांना रात्र लागली. तुझा शब्द आता पापणी लवायच्या आत इथे पोचतो, आणि अक्कल तीच. पेटी बसली त्या दिवशी सगळे गेल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. बासष्टाव्या वर्षी एखाद्या वस्तूला बघून हात जोडावेसे वाटतील असं मला वाटलं नव्हतं. जोडले नाहीत. पण बसले.

आता कामाचं. इथल्या पेटीवर लातूरच्या प्रत्येक लाइनीसाठी एक दिवा आहे. मी नोंदवही ठेवली आहे. १७ तारखेला पाच वाजून बारा मिनिटांनी तिन्ही दिवे विझले. १९ला पाच नऊला, तिन्ही. काल पाच अकराला, तिन्ही. मधल्या तासालाही तसंच. दरवेळी तीन-चार मिनिटं. सख्खी भावंडंसुद्धा एकाच मिनिटाला शिंकत नाहीत. कनेक्शनं कुणाची आहेत? नावं आणि पावत्या पाठव. "ओळखीतून" हे नाव नव्हे.

वहिदा आपा

•

लातूर, ३० जुलै २०१३

आपा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आप्पादादाने मला एवढंच सांगितलं होतं की एका बाईने यादी वाचली. रेघांचं आज कळलं.

दिव्यांचं म्हणाल तर इकडे पाऊस आहे आणि लाइटचा भरवसा नाही. पाचच्या सुमारास दाब कमी होतो असं लोक म्हणतात. एक पावती सापडली, ती सोबत जोडते. बाकीच्या बघते.

पोरं बरी आहेत. परवा नांदेडच्या एका मुलीने पडद्यातून विचारलं, "मॅडम, घर्षण नसतं तर माणूस चालला असता का?" म्हटलं, नाही, घसरत राहिला असता. "मग घर्षण चांगलं की वाईट?" चित्र थांबायच्या आत उत्तर पोचलं का तिला?

सिंधु

•

नांदेड, २ ऑगस्ट २०१३

सिंधु,

तुझं उत्तर त्या मुलीला पोचलं नाही. ती वाट बघत उभी राहिली आणि मग खाली बसली.

पावती एकच आली. तिच्यावर नाव महादेवप्पाचं. तू मला पावसाचं कारण दिलंस. पाऊस घड्याळ बघून पडत नाही. तू काहीतरी लपवते आहेस आणि ते पैशांचं नाही हे मला कळतं. काय आहे ते विचारत नाही. एक काम सांगते.

आमच्या खात्यात लाइन वारंवार जाऊ लागली की साहेब कागद बघत बसायचे नाहीत. लाइनमनला सांगायचे, "लाइन चालून ये." तो एक्स्चेंजपासून शेवटच्या खांबापर्यंत वर बघत पायी जायचा. दहांतले नऊ दोष असे सापडायचे. तुला चालता येत नाही, तर ऑटो कर. आपल्या गच्चीपासून तिन्ही वायरी कुठे जातात ते शेवटपर्यंत बघ. स्वतः बघ.

कोट्याचे मास्तर वीस तारखेला इथे नमुन्याचा तास घेणार आहेत. सरांनी फलकावर लावलं आहे.

वहिदा आपा

•

लातूर, ११ ऑगस्ट २०१३

आपा,

लाइन चालून आले. सगळं लिहिते.

काल तास संपल्यावर ऑटो केला. ऑटोवाल्याला म्हटलं, हळू चल, मला वायरी बघायच्या आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, म्हणाला, "पतंग अडकला का बाई?" मग त्यालाच मजा वाटू लागली. "ती बगा, ती काळी, डावीकडं वळून राहिली!" चहाच्या टपरीवरचे चौघं मान वर करून आमच्या मागे. एक म्हातारबा विचारतात, "काय हारवलं म्हनायचं?" ऑटोवाला म्हणतो, "इंटरनेट हारवलंय बाबा."

तिन्ही वायरी आपल्या गच्चीवरून तीन दिशांना निघतात, आपा. एक दवाखान्यावरून, एक शाळेच्या मागून, एक थेट रस्त्याने. बघून छाती भरून आली. आणि पाचव्या गल्लीत तिन्ही पुन्हा एकत्र येतात आणि महादेवप्पाच्या दुकानाच्या माडीवर एकाच डब्यात शिरतात. त्या डब्यातून पुढे एकच वायर.

लपवलं ते असं. त्या पहाटे मला मातीतून काढलं ते महादेवप्पाने. शेजारच्या गावचा, ट्रकवर क्लीनर होता. दाराच्या फळीवर घालून, गुडघाभर चिखलातून एकटा ओढत सडकेपर्यंत आला. मला शुद्ध होती, तो सारखा म्हणत होता, "डोळे झाकू नको बाई, डोळे झाकू नको." आता त्याचा केबलचा धंदा आहे. तुम्ही तीन लोक म्हणालात. मी त्याला एकाचं काम देऊन उरलेल्या दोन कनेक्शनांसाठी दुसऱ्याच्या दारात कशी जाऊ? तो म्हणाला, तिन्ही मीच देतो. मी हो म्हटलं. तिन्ही त्याच्या एकाच डब्यातून येतात हे मला माहीत नव्हतं. पण विचारलंही नाही. मुलाहिजा आड आला.

मी ऑटोतूनच हाक मारली. तो खाली आला. म्हटलं, महादेवप्पा, तीन वायरी एकाच डब्यात कशा? तर म्हणतो, "तुमी तीन म्हनलात, म्या तीन वढल्या. एक तुटली तर दुसरी हाय, दुसरी तुटली तर तिसरी. त्यात काय चुकलं?" म्हटलं, आणि डबाच बंद पडला तर? "कसा पडंल? लई जपतो म्या त्याला. तापतो ना, म्हनून रोज पाच वाजून गेले की तुमच्या तासामधी दोन मिन्टं बंद करून पुसून, वारा घालून परत लावतो. मधीच बंद पडला तर पोरायचं नुकसान हुईल म्हनून."

आपा, मी हसले की रडले ते ऑटोवाल्याला विचारा. माझा तास बंद पडू नये म्हणून हा माणूस रोज माझा तास बंद पाडत होता.

मग मी सगळं सांगितलं. गणपतीचं, कोट्याच्या मास्तरचं, तुमच्या नोंदवहीचं. तो पायरीवर बसला. पंच्याने मान पुसली. म्हणाला, "अगुदर बोलायचं न्हाई का बाई? तवा फळीवर घातलं तर तुमी मला शिव्या घालून राहिल्या होत्या, हळू वढ म्हनून. आन आता एका वायरीपायी लाजता?"

आणि उठून गेला कुठे, तर सिद्धरामाकडे! दोघं केबलवाले, खांबांच्या भांडणावरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सिद्धराम गच्चीवर अँटेना लावून हवेतून इंटरनेट देतो. महादेवप्पा दारात उभा राहून म्हणाला, "सिद्धराम, माज्यासाटी न्हाई, बाईसाटी आलोय." तो म्हणाला, "बाईसाटी आलास तर आत ये, भायेर कशाला हुबारलास?" आज सकाळी दोघं मिळून आपल्या गच्चीवर अँटेना बांधत होते. तिसरी लाइन टेलिफोन खात्याची, तांब्याच्या तारेची. अर्ज महादेवप्पानेच भरून घेतला. त्याची आता एकच वायर आहे, आणि डब्याला पंखा लावला आहे.

तीन नावं, तीन पावत्या सोबत. तुमच्याशी खोटं बोलले. माफ करा.

सिंधु

•

नांदेड, ३ सप्टेंबर २०१३

सिंधु,

माफीचा विषय बंद. कालचं लिहिते, कारण तू पडद्याच्या त्या बाजूला होतीस आणि या बाजूला काय झालं ते तू पाहिलं नाहीस.

कोट्याच्या मास्तरांचा तास चांगला झाला होता, हे मी आधीच सांगते. म्हणून काल सर स्वतः पहिल्या रांगेत बसले. ठरलं असं होतं की तासाच्या मध्यावर मनतशा फोन करेल, महादेवप्पा आपली वायर पेटीतून उपटेल, आणि सर बघतील. मी मागे, पेटीशेजारी, नोंदवही घेऊन.

चार वाजून एकावन्न मिनिटांनी पहिला दिवा विझला. मला वाटलं, महादेवप्पाने घाई केली. मनतशाकडे बघितलं, तिने मान हलवली, फोन अजून केलाच नव्हता. नंतर कळलं ते तुलाही कळलं असेल : तुमच्या रस्त्यावर गटार खोदणाऱ्या मशीनने त्याची वायर खांबासकट खाली आणली. तू फळ्यावर चढावर ढकलल्या जाणाऱ्या पेटाऱ्याचं उदाहरण मांडत होतीस. तुझा हात थांबला नाही. पाचला दोन मिनिटं असताना अँटेनाचा दिवा लुकलुकला आणि विझला; तिकडे वारा सुटला होता म्हणे. आता एकटी तांब्याची तार. चित्र किंचित धुरकट झालं, जवळून बघणाऱ्यालाच कळेल इतकं. आवाज तसाच, खणखणीत. दोन्ही दिव्यांच्या वेळा मी वहीत लिहून ठेवल्या. दोनशे चाळीस माथी खाली वाकून तू सांगितलेले आकडे लिहीत होती. एकानेही वर बघितलं नाही. पुढे चार मिनिटांनी अँटेना परत आली.

सिंधु, मी चौतीस वर्षं लाइनी सांभाळल्या. लाइन तुटली की जग थांबतं. माणसं हॅलो-हॅलो करतात, खाली ठेवतात, रडतात. तुटण्याचा आवाजच न होता बोलणं पुढे चालू राहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या चार मिनिटांत एका तारेवरून तुझे किती हजार तुकडे आले आणि आपापल्या नंबरच्या घरात जाऊन बसले, देव जाणे. 

सव्वापाचला सर मागे वळून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "वहिदाबाई, वायर कधी तोडून दाखवणार?"

मी वही त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "तुटून चोवीस मिनिटं झाली, सर."

ते वहीकडे बघत राहिले, मग पडद्याकडे. तेवढ्यात ती घर्षणवाली मुलगी उठली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तू उत्तर दिलंस : "घर्षण अडवतंही आणि चालवतंही. मी दोन्ही बघितलंय." आणि कृत्रिम पाय जमिनीवर टक्कन आपटून दाखवलास. सर तिथेच भिंतीला टेकून तास संपेपर्यंत उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "बिराजदार मॅडमच राहू द्या. आणि मुदखेड, धर्माबादचं चालू करा."

त्या मुलीला उत्तर पोचलं. नोंद केली आहे.

महादेवप्पाला सांग, वायर लवकर जोड, पण घाई नाही.

वहिदा आपा

•

नांदेड, २१ ऑक्टोबर २०१३

सुपूर्द-पत्र

मी, वहिदा काझी, कार्यालय अधीक्षक, या महिनाअखेर कामावरून निवृत्त होत आहे. चारही शाखांच्या जोडणीचा कार्यभार लातूर शाखेच्या श्रीमती सिंधु बिराजदार यांच्याकडे आज खालीलप्रमाणे दिला. सामान उत्तरपत्रिकांच्या थैलीतून लातूर गाडीने रवाना.

१. शाखांच्या पेट्यांच्या किल्ल्या, चार. मुदखेडची किल्ली घट्ट बसते, जोर लावू नये.

२. पासवर्डचं पाकीट, मोहोरबंद.

३. दिव्यांची नोंदवही, एक. १७ जुलैपासून आजपर्यंत. तिन्ही दिवे एकाच मिनिटाला विझल्याची शेवटची नोंद १० ऑगस्ट. त्यानंतर नाही.

४. लाइन पुरवणाऱ्यांची नावं व पावत्या, शाखेनुसार. दर सहा महिन्यांनी लाइन चालून बघावी. ऑटोचं भाडं कार्यालय देईल.

५. ट्रंक-पत्रक, एक पान, १ ऑक्टोबर १९९३, मूळ प्रत. साठ घरं, सगळी भरलेली. घर क्रमांक ४७ ची शाई थोडी पसरली आहे; ती त्याच रात्रीची आहे.

देणार : वहिदा काझी

घेणार : सिंधु बिराजदार. लातूर, २२ ऑक्टोबर. पाचही वस्तू पोचल्या.